गोड वाइन ‘खरी’ नसते म्हणे!

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वाइनबद्दलचा एक फॉरवर्ड फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: गोड वाइन म्हणजे साखर घातलेला द्राक्षरस. ती शिकाऊंनी प्यावी, दर्दी माणूस ड्राय, म्हणजे बिनगोडीचीच पितो. तिच्यानं वजन वाढतं आणि सल्फाइटमुळे (वाइन टिकावी म्हणून घालतात ते रसायन) डोकं धरतं. प्यायचीच असेल तर मिठाईबरोबर प्यावी. साखर असल्यामुळे ती खराब होत नाही, उलट जितकी जुनी तितकी चांगली. यातलं थोडं खरं आहे, तेवढं मान्य करू. बाकीचं एकेक करून बघू.

‘साखर घातलेली असते.’

द्राक्षाच्या रसात मुळातच लिटरला 200 ते 240 ग्रॅम साखर असते. यीस्ट ती खाऊन अल्कोहोल तयार करतं. लिटरमधल्या साधारण 17 ग्रॅम साखरेमागे 1 टक्का अल्कोहोल, असा हिशेब. सगळी साखर संपली की वाइन ड्राय. यीस्टचं काम मधेच थांबलं की गोड. म्हणजे गोडी बहुतेक वेळा वरून घातलेली नसते, उरलेली असते. ती उरवण्याच्या रीती वेगवेगळ्या. इटलीतल्या मोस्कातो द’आस्तीत वाइन गार करून आंबणं थांबवतात, म्हणून अल्कोहोल 5 ते साडेपाच टक्क्यांवरच राहतं. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या पोर्टमध्ये आंबणं अर्ध्यावर असताना 77 टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, लिटरला 100 ग्रॅमच्या आसपास साखर तशीच राहते आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांवर जातं. जर्मनी-कॅनडातल्या आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच गोठू देतात (जर्मनीत उणे 7, कॅनडात उणे 8 अंश) आणि गोठलेलीच पिळतात. बर्फ मागे राहतो, घट्ट रस खाली येतो. फ्रान्समधल्या सोतेर्न आणि हंगेरीतल्या तोकाई भागात बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पाडते. त्यातून पाणी उडतं, साखर आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात.

आपल्या नाशिकची ‘लेट हार्वेस्ट’ यापेक्षा साधी. शेनिन ब्लांची द्राक्षं नेहमीच्या तोडणीनंतरही वेलीवर ठेवायची, ती सुकू लागली की तोडायची. सुला या वाइन कंपनीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां याच प्रकारातली. हीच जात का? ऊन वाढलं की द्राक्षातलं आम्ल झपाट्यानं उतरतं. शेनिन ब्लां मुळातच आंबट असल्यामुळे तिच्यात शेवटपर्यंत काही शिल्लक राहतं.

आता फॉरवर्डचं अर्धं खरं. आपल्याकडे ‘पोर्ट’ नावानं मिळणाऱ्या स्वस्त लाल गोड वाइनपैकी बऱ्याच वाइनमध्ये साखर वरून घातलेली असते. दोरूच्या पोर्टशी त्यांचं नातं नावापुरतंच. त्या पिऊन ‘गोड वाइन म्हणजे काकवी’ असं मत झालं असेल, तर दोष पिणाऱ्याचा नाही. पण तेवढ्यावरून साऱ्या गोड वाइनवर फुली मारणं म्हणजे गाडीवरचं रंगीत सरबत पिऊन संत्र्याला नावं ठेवण्यासारखं झालं.

‘दर्दी फक्त ड्राय पितात.’

फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनच्या 1855 च्या वर्गवारीत सगळ्यांच्या वर, स्वतंत्र दर्जा मिळाला तो शातो दिकेमला. ती सोतेर्नची गोड वाइन आहे. तिचीच 1811 सालची एक बाटली 2011 मध्ये 75 हजार पौंडांना गेली. शिकाऊंसाठी कोणी एवढे मोजत नाही.

खरा प्रश्न गोडीचा नाहीच, आंबटाचा आहे. हे नागपूरकराला वेगळं समजवायला नको. संत्र्याच्या फोडीत नुसती साखर असेल तर ते पाणचट लागतं. मृग बहाराचं चांगलं फळ गोड असतं, पण मागून आंबट झटका देतं, म्हणून दुसरी फोड घ्यावीशी वाटते. गोड वाइनचंही तेच. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटलं तर वाइन चांगली. जीभ चिकट झाली, पाणी प्यावंसं वाटलं, तर बाटलीवर काहीही छापलेलं असो, ती जमलेली नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो: फळांचा वास आणि गोडी यांची गल्लत. पिकल्या आंब्याचा वास येणारी वाइन पूर्ण ड्राय असू शकते. नाक चिमटीत धरून घोट घ्या. तरीही जिभेला गोड लागलं तर साखर आहे, नाही तर तो वास होता.

लेबल वाचतानाही फसगत होते. फसफसत्या वाइनवरचं ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे ‘ब्रूट’पेक्षा गोड असतं. युरोपच्या नियमात ब्रूट म्हणजे लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्राय म्हणजे 12 ते 17, नुसतं ड्राय म्हणजे 17 ते 32 आणि देमी-सेक म्हणजे 32 ते 50. गोड हवी असेल तर देमी-सेक मागा. साध्या, न फसफसणाऱ्या वाइनवर साखरेचा आकडा बहुधा नसतो, तेव्हा अल्कोहोलचा आकडा बघा. 5 ते 8 टक्के असेल तर गोडी जवळपास नक्की. 13-14 असेल आणि ‘लेट हार्वेस्ट’सारखा शब्द कुठेच नसेल, तर ती ड्रायच धरा.

‘वजन वाढतं.’

गणित करून बघा. अल्कोहोलच्या ग्रॅममागे 7 कॅलरी, साखरेच्या ग्रॅममागे 4. 13 टक्क्यांच्या ड्राय वाइनचा 150 मिलिचा ग्लास: अल्कोहोल साधारण 15 ग्रॅम, म्हणजे 108 कॅलरी. साडेपाच टक्क्यांची मोस्कातो, लिटरला 120 ग्रॅम साखरेची, तेवढीच घेतली तर 118. आणि लेट हार्वेस्ट कोणी 150 मिलि ओतत नाही. तिचं माप 60 मिलि, म्हणजे लिटरला 100 ग्रॅम साखर धरली तरी 65 च्या आसपास. मधुमेह असेल तर मात्र हे गणित पुरत नाही. साखरेचा प्रश्न असतोच, शिवाय इन्सुलिन किंवा काही गोळ्यांवर असताना अल्कोहोलमुळे रक्तातली साखर अचानक खाली येऊ शकते. ते डॉक्टरांनाच विचारायचं.

‘सल्फाइटमुळे डोकं धरतं.’

गोड वाइनमध्ये सल्फाइट जास्त असू शकतं, हे खरं. उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागू नये म्हणून ते घालतात. पण पिवळ्याधमक सुक्या जर्दाळूत त्याच्या कितीतरी पट सल्फाइट असतं आणि ते खाऊन कोणी डोकं धरून बसत नाही. दमेकऱ्यांपैकी काहींना सल्फाइटचा खरंच त्रास होतो, त्यांनी जपावं. बाकीच्यांनी आधी किती प्यायलो आणि मधे पाणी किती घेतलं, ते आठवावं.

‘मिठाईबरोबर प्या.’

सगळ्यात जास्त वाइन वाया घालवणारा सल्ला हाच. नियम एकच आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. पदार्थ वरचढ झाला की वाइनची साखर जिभेला जाणवेनाशी होते, उरतो तो आंबट, पाणचट घोट. पाकातल्या गुलाबजामासमोर किंवा संत्रा बर्फीसमोर लेट हार्वेस्टचं हेच होतं. गोडच हवं असेल तर कमी साखरेचं निवडा: ताज्या फळांच्या फोडी, साखर बेताची घातलेली खीर, भाजलेले बदाम. गडद चॉकलेट असेल तर पोर्ट.

तिखट आणि खारट पदार्थांबरोबर मात्र गोड वाइनचं छान जमतं. साखर मिरचीची आग कमी भासवते, अल्कोहोल ती वाढवतं. म्हणून सावजी मटणाच्या तर्रीवर 14 टक्क्यांची ड्राय लाल वाइन घेतली की घशात जाळ होतो आणि वाइनची चवही कळत नाही. तिथे हलकी गोड, कमी अल्कोहोलची, चांगली गार पांढरी घ्या. खरं सांगायचं तर भिवापुरी मिरचीचा हात सढळ असेल, तर कुठलीच वाइन फार काही करू शकत नाही. अशा वेळी ताकच बरं. सांबारवडी मात्र लेट हार्वेस्टबरोबर झकास लागते. कोथिंबिरीचा वास, खसखस-खोबऱ्याचं सारण आणि तळणीचा तेलकटपणा आंबट-गोड घोट साफ करतो. खारे काजू आणि चिवडाही चालतात. खारट-गोडाची जोडी युरोपातही जुनीच: रोकफोर चीज आणि सोतेर्न, स्टिल्टन चीज आणि पोर्ट.

‘खराब होत नाही.’

मे महिन्यातल्या नागपुरात हे वाक्य महागात पडतं. पारा 45 ला टेकतो, बंद घरातलं कपाटही 35-38 अंशांवर असतं. वाइनला 12 ते 15 अंश मानवतात. उष्णतेनं आतली वाइन फुगते, बूच वर ढकललं जातं, कडेनं चिकट ओघळ येतो. मग चव शिजलेल्या मुरंब्यासारखी होते. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका. बूच वर आलेलं असेल किंवा झाकणाखाली चिकटपणा असेल तर परत ठेवा. उन्हाळ्यात घरी आणलेली बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, कूलरच्या खोलीत नको. साधी गोड वाइन उघडल्यावर फसफसली तर आत पुन्हा आंबणं सुरू झालंय. दुकानदाराला परत करा.

उघडल्यानंतरचे दिवस मोजावे लागतात. मोस्कातो एक-दोन दिवस, लेट हार्वेस्ट फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, फार तर आठवडा. पोर्टचे दोन प्रकार, गडद लाल रुबी दोन ते चार आठवडे आणि पिंपात जास्त मुरलेली तपकिरी टॉनी महिना-दोन महिने टिकते, कारण तिथे राखण अल्कोहोल करतं. नुसती साखर पुरेशी नसते.

लेट हार्वेस्ट 7 ते 10 अंशांवर प्यायची. फ्रिजमध्ये तीन तास ठेवा. हिवाळ्यात काढल्यावर दहा मिनिटं थांबा, मेमध्ये पाचच मिनिटं. पाहुणे दारात असतील तर बादलीत अर्धं बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ, त्यात बाटली मानेपर्यंत बुडवून वीस मिनिटं. पाणी विसरू नका, नुसते बर्फाचे खडे बाटलीला जागोजागीच टेकतात. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटते. बर्फ ग्लासात टाकला की आंबटपणा पातळ होतो, आणि तोच तर हवा असतो.

राहिलं ‘जितकी जुनी तितकी चांगली’. हे सोतेर्न, तोकाई आणि व्हिंटेज पोर्ट (एकाच सालच्या द्राक्षांची, बाटलीत मुरणारी) यांना लागू. नाशिकची लेट हार्वेस्ट दोन-तीन वर्षांत संपवलेली बरी, फसफसती मोस्कातो वर्षभरात. रुबी आणि टॉनी पिंपात मुरवूनच बाटलीत भरतात, घरी ठेवून त्यांचं काही वाढत नाही. त्यांचं बूच आखूड, वरून टोपीचं असतं, म्हणून त्या आडव्या न ठेवता उभ्याच ठेवा.