श्यामला रडू द्या

शाळेतल्या जुन्या मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय: ‘श्यामची आई’ मुलांना द्यावं की नाही? एक मैत्रीण म्हणते, फार रडकं पुस्तक आहे. दुसरा म्हणतो, आई शिमटीने मारते, जातपात आहे, कशाला ते? त्यापेक्षा रंगीत, हसतंखेळतं काहीतरी द्या. वाचून माझं डोकंच फिरलं.

मी फ्रँकफर्टला राहते. इथल्याच हाइनरिश हॉफमन या डॉक्टरने 1844 च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी ‘श्ट्रुवेलपेटर’ लिहिलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे अंगठे शिंपी कात्रीने कापतो. काड्यापेटीशी खेळणारी पाउलिन्शन जळून जाते, मागे उरतात फक्त राख आणि तिचे बूट. सूप नको म्हणणारा कास्पर पाचव्या दिवशी मरतो. या पुस्तकाचं गावात संग्रहालय आहे, कीटात (इथल्या बालवाडीत) असताना माझ्या लेकीला तिथे नेलंही होतं. 2013 मध्ये ‘छोटी चेटकीण’ या लाडक्या जर्मन पुस्तकातले वर्णद्वेषी शब्द बदलले, ते बरंच झालं. पण मुलं घाबरतील, रडतील म्हणून गोष्टच कपाटात ठेवा, असं मला इथे कुणी सांगितलेलं नाही.

आणि आपण? साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक आपल्याला जड होतं. श्याम पोहायला घाबरतो म्हणून आई मारते, हे खरं. पण त्याला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून तिचा जीव तुटतो, हेही त्याच पानांवर आहे. मुलांना दोन्ही कळतं.

जातीचं म्हणाल, तर तो भाग मी लेकीला मुद्दाम वाचून दाखवला. एका महार म्हातारीची मोळी डोक्यावर चढत नाही. आई श्यामला सांगते, जा, हात लाव आणि घरी येऊन आंघोळ कर. लेकीने तिथेच थांबवलं. “मदत केली, मग आंघोळ कशाला?” मला माझ्या आजीच्या घरातला, खिडकीत वेगळा ठेवलेला कप सांगावा लागला. तोवर हे मी कुणाशी बोलले नव्हते. ते वाक्य गाळलं असतं तर तिने विचारलं नसतं आणि मीही गप्प राहिले असते.

“तिकडे बसून बोलायला काय जातंय?” असं एकाने लिहिलं. ते झोंबलं. तुमच्या मुलांना आजी आहे, शेजार आहे, मराठी कानावर पडतच असतं. माझ्या लेकीला देवनागरी अजून अडखळतच वाचता येते. तिची मराठी म्हणजे मी आणि ही फळीभर पुस्तकं. सुट्टीत पुण्याला गेलो की तिची भावंडं तिच्याशी इंग्रजीत बोलतात. मग वाटतं, मी तिला ज्या घरचं करू पाहतेय, ते घर आता तिथे तरी उरलंय का? तुम्ही हे पुस्तक बाजूला ठेवता तेव्हा मला माझंच काहीतरी हातून गेल्यासारखं होतं, म्हणून इतकी चिडते.

पुस्तकातल्या 42 रात्रींपैकी (प्रकरणांपैकी) निम्म्याहून जास्त झाल्यात. शेवटाकडे आई जाते, हे मी लेकीला सांगून ठेवलंय. तरीही तिला पुढचं ऐकायचंच आहे.