व्हिएन्नाच्या निवांत सहलीवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्हिएन्नाहून परतल्यावर पाचपैकी दोन तारे देऊन आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला. आपले मुख्य म्हणणे असे, की सात रात्री एकाच शहरात काढण्याचे कारण नव्हते. जवळपास तेवढ्याच दिवसांत आपल्या मित्राने एका ग्रुप टूरमधून प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, हॉलस्टाट आणि बुडापेस्ट पाहिले. आणि आम्ही मात्र दोन दुपारी व अख्ख्या रविवारपुढे ‘मोकळा वेळ’ असे लिहून आमचे काम टाळले, सबब त्या वेळाचे पैसे परत मिळावेत. याखेरीज गाईडने संग्रहालयात एकाच दालनात फार वेळ घालवला, ऑपेरा बंद होता, कॉफीहाउसमधला वेटर उर्मट होता आणि शाकाहारी असूनही आपल्यापुढे मांसाचे सूप आले, अशाही तक्रारी आहेत. हा अभिप्राय वाचून बरेच जण आमच्याकडे विचारणा करीत आहेत, म्हणून उत्तरही येथेच, सर्वांसमक्ष देत आहोत.

बुकिंगच्या वेळी आम्ही आपल्यापुढे दोन कार्यक्रम ठेवले होते. एकात व्हिएन्नाबरोबर साल्झबर्ग आणि बुडापेस्ट होते, दुसऱ्यात फक्त व्हिएन्ना. लग्नाच्या वाढदिवसाची सहल आहे, रोज बॅगा भरायच्या नाहीत, सकाळी सातला बसमध्ये बसायचे नाही, असे सांगून आपण उभयतांनी दुसरा कार्यक्रम निवडला. हॉलस्टाटचा विषय तेव्हाही निघाला होता. व्हिएन्नाहून तिथे जायला मध्ये गाडी बदलून साडेतीन तासांच्या आसपास लागतात, स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर असल्याने उतरल्यावर बोटीने गावात जावे लागते, आणि हे सगळे करून गावात मिळतात जेमतेम तीन-चार तास. साल्झबर्गला एका बाजूने अडीच तास लागतात. आपल्या मित्राने पाच शहरे पाहिली याबद्दल शंका नाही, पण त्या सहलीतला किती वेळ बसच्या खिडकीतून गेला हे त्यांना एकदा विचारून पाहावे. तशा सहली वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. युरोपला एकदाच जाणे होणार असेल तर अनेकांना त्याच योग्य वाटतात. आम्ही त्या काढत नाही, इतकेच.

मोकळ्या वेळाचे पैसे परत मागण्यासंबंधी स्पष्ट सांगितले पाहिजे, की त्या वेळाचे पैसे आम्ही घेतलेलेच नाहीत. आपण दिलेल्या रकमेत राहणे, न्याहारी, शहरातील ट्राम-मेट्रोचा आठवड्याचा पास, ठरावीक तासांसाठी गाईड आणि प्रवेशतिकिटे एवढ्या गोष्टी होत्या आणि त्या सर्व आपल्याला मिळाल्या. दोन दुपारी मोकळ्या ठेवल्या त्या शोनब्रुन राजवाड्यानंतरची आणि संग्रहालयाच्या दिवसाची. शोनब्रुनमध्ये १,४४१ खोल्या आहेत, त्यांपैकी सुमारे ४० पाहुण्यांना दाखवतात. ऑगस्टच्या उन्हात त्या पाहून, मागच्या बागेतून चढण चढून टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत गेलेल्या माणसाला त्याच दुपारी आणखी एक राजवाडा दाखवणे म्हणजे त्याचे पाय आणि आपले पैसे दोन्ही वाया घालवणे होय. या बागेत प्रवेश विनामूल्य आहे आणि ती सकाळी लवकर उघडते, त्यामुळे स्थानिक लोक तिथे रोज फिरायला आणि पळायला येतात. आपण दोघे तिथल्या बाकावर तासभर बसलात, असे आपणच लिहिले आहे, आणि ते तक्रारीत का आले हे आम्हाला खरोखर उमगले नाही.

संग्रहालयाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयाची भेट आम्ही मुद्दाम गुरुवारी संध्याकाळी ठेवली होती, कारण त्या दिवशी ते रात्री नऊपर्यंत उघडे असते आणि सहा वाजल्यानंतर मोठ्या ग्रुपांची गर्दी ओसरते. या इमारतीतली सगळी दालने पाहायची म्हटली तर दोन दिवसही पुरणार नाहीत. गाईडने आपल्याला पीटर ब्रॉयगल या सोळाव्या शतकातील फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडील) चित्रकाराच्या दालनात जास्त वेळ थांबवले ते आमच्याच सूचनेवरून. ब्रॉयगलची जेमतेम चाळीसेक चित्रे आज जगात शिल्लक आहेत आणि त्यांपैकी बारा या संग्रहालयात आहेत. एवढी इतर कुठेही एकत्र पाहायला मिळत नाहीत. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्यातील मंडळींनी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून ती जमवली, म्हणून तिकडची फ्लेमिश चित्रे व्हिएन्नात आली.

आपण लिहिता, की ‘बर्फातल्या शिकाऱ्यांच्या एका चित्रापुढे वीस मिनिटे उभे केले.’ ते चित्र १५६५ सालचे आहे आणि वर्षाच्या ऋतूंवर काढलेल्या मालिकेतले आहे. मालिकेतली पाच चित्रे उरली असून तीन याच भिंतींवर आहेत, एक प्रागला आणि एक न्यूयॉर्कला. धावत्या नजरेने पाहिले तर बर्फ, झाडे आणि कुत्री दिसतात. थांबले की कळते, की तीन शिकारी आणि कुत्र्यांचा एवढा ताफा बाहेर पडूनही एकाच्या पाठीवर फक्त एक कोल्हा लटकतो आहे. डावीकडच्या खानावळीची पाटी एकाच कडीवर लोंबते आहे आणि तिच्याखाली माणसे जाळ करून डुक्कर भाजत आहेत. खाली गोठलेल्या तळ्यांवर पोरे-माणसे घसरत खेळत आहेत आणि दूरवर एका घराच्या धुराड्याला आग लागून लोक शिडी लावत आहेत. मागे उभे असलेले डोंगर चित्रकाराच्या सपाट मुलखात नाहीतच, ते त्याने आल्प्स ओलांडून केलेल्या प्रवासातून आणलेले आहेत. एवढे पाहायला वीस मिनिटे हा काटकसरीचा हिशेब झाला. ज्यांना संपूर्ण संग्रहालय पायाखाली घालायचे असते त्यांना आम्ही तसे आधी सांगायची विनंती करतो. आपण भरलेल्या फॉर्मवर ‘चित्रांची आवड आहे, घाई नको’ असे आपल्याच अक्षरात लिहिलेले आहे.

व्हिएन्नाचा स्टेट ऑपेरा जुलै आणि ऑगस्टमध्ये बंद असतो. ही दरवर्षीची सुट्टी आहे, आणि तारखा आपल्या लग्नाच्या वाढदिवसाप्रमाणे ठरल्या तेव्हाच आपल्याला ती कळवली होती. त्याऐवजी सुचवलेला कार्यक्रम म्हणजे राटहाउस म्हणजे नगरभवनासमोरच्या चौकातला उन्हाळी चित्रपट महोत्सव. तिथे १९९१ पासून मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि संगीताच्या मैफली दाखवतात, प्रवेश फुकट असतो आणि समोर खाण्याचे स्टॉल लागतात. आपण तिथे गेला नाहीत, ही आपली निवड होती. रविवारचेही तसेच. ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात, किराणासुद्धा मोठ्या स्टेशनांवरच मिळतो, आणि म्हणूनच शनिवारी दूध-फळे आणून ठेवा अशी सूचना कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरांत होती. त्याखालीच त्या दिवशी काय करता येईल तेही लिहिले होते. पुरापासून शहर वाचवण्यासाठी नदीचा दुसरा कालवा खणताना तयार झालेले, २१ किलोमीटर लांबीचे डॅन्यूब बेट, जिथे निम्मे व्हिएन्ना पोहायला आणि सायकल चालवायला जाते. किंवा डी क्रमांकाच्या ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत, नुसडॉर्फला जाऊन द्राक्षमळ्यांतून पायी फेरफटका. राजधानीच्या हद्दीत द्राक्षाची शेती असणे ही युरोपातही दुर्मीळ गोष्ट आहे. आपण दुपारपर्यंत खोलीत बसून राहिलात याचे वाईट वाटते, पण त्या दिवशीही आमचा तिथला प्रतिनिधी फोनवर उपलब्ध होता.

कॉफीहाउसमधल्या वेटरने अर्धा तास बिल आणले नाही, याला आपण उर्मटपणा म्हटले आहे. तिथे बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण न मागता ते पुढे ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकाला ऊठ म्हणण्यासारखे समजतात. एका कॉफीवर, लाकडी चौकटीत अडकवलेले वर्तमानपत्र वाचत, दुपारभर बसले तरी कोणी हटकत नाही. सोबतच्या तबकात येणाऱ्या पेल्यात आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी असते, जे १८७३ पासून नळाने शहरात येते. तेव्हा पाण्याच्या बाटल्यांवर आपला झालेला खर्चही टळला असता. वेटरच्या बोलण्यातल्या कोरडेपणाबद्दल म्हणाल, तर तो व्हिएन्नात प्रसिद्धच आहे, आणि पुणेकरांना त्याचा इतका धक्का बसावा याचे आम्हाला थोडे नवल वाटले.

सुपाची तक्रार मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही आणि आपल्याला झालेला मनस्ताप आम्ही समजू शकतो. घावनाच्या पट्ट्या घातलेले ते पातळ सूप दिसायला निरुपद्रवी असते, मांसाचा तुकडाही दिसत नाही, पण रस्सा गोमांसाचा असतो. म्हणूनच आम्ही प्रत्येक शाकाहारी जोडप्याला जर्मनमध्ये छापलेले एक कार्ड देतो, ज्यावर मांस, मासे आणि मांसाचा रस्सा चालत नाही असे लिहिलेले असते. ते दाखवायला संकोच वाटला, असे आपण लिहिले आहे. पुढे जाणाऱ्यांना आमची विनंती आहे, की संकोच न करता ऑर्डर देण्यापूर्वी ते वेटरच्या हातात द्यावे; तिथे त्याचे कोणाला काही वाटत नाही.

शेवटी आपण विचारले आहे, की सासू-सासऱ्यांना डिसेंबरमध्ये हीच सहल द्यायचा विचार होता, तो सोडून द्यावा का. पाच शहरे हवी असतील तर जरूर सोडून द्यावा. एकच शहर चालणार असेल, तर हीच पत्रिका जशीच्या तशी घेऊ नये. त्या महिन्यात चारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे पाहण्याचे ते सकाळी आणि संध्याकाळी ऑपेरा, जो तेव्हा सुरू असतो. राटहाउससमोरची नाताळची जत्रा २६ डिसेंबरपर्यंत चालते. सासरेबुवांच्या गुडघ्यांचा आपण उल्लेख केला आहे, म्हणून सांगतो, की स्टेफान कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, पण उत्तर मनोऱ्यावर लिफ्टने जाता येते. ऑस्ट्रियासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि डिसेंबरच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, तेव्हा निर्णय सप्टेंबरअखेर कळवल्यास आम्हाला पत्रिका नव्याने आखता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
संचालक