मालकाचं उत्तर : 'दोन तासांचं सांगून सव्वा तासात गुंडाळलं'

नमस्कार ताई,

फोर्टातल्या जुन्या इमारती चालत दाखवणाऱ्या आमच्या वॉकवरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. रविवारची संध्याकाळ तुमच्या मनासारखी गेली नाही, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. म्हातारं माणूस आणि पोरं बरोबर घेऊन नव्या मुंबईहून फोर्टात यायचं आणि चिडचिड करत घरी जायचं, यात कुणाला आनंद असणार?

एवढं लिहून थांबा, असं माझी मुलगी म्हणते. "बाबा, सॉरी म्हणा आणि सोडून द्या." मी सोडलंही असतं. पण तुमचा रिव्ह्यू सध्या आमच्या नावाखाली सगळ्यात वर दिसतो. काल एका बाईंचा चौकशीला फोन आला आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही खरंच सव्वा तासात आटोपता का?" समजावून सांगितलं, पण बुकिंग काही केलं नाही त्यांनी. आमचं कुठे मोठं ऑफिस नाही की जाहिरातीला पैसे नाहीत. मी फोर्टातल्याच एका बँकेतून निवृत्त झालेला कारकून. दोन शिकणारी मुलं गाइड म्हणून येतात, त्यांची फी यातून निघते. तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

तुम्ही लिहिलंत की दोन तासांचा वॉक सांगून सव्वा तासात गुंडाळला. गाइड मुलगी सारखी मोबाइलमध्ये बघत होती. एकाही इमारतीच्या आत नेलं नाही. आईंकडे कुणी लक्ष दिलं नाही. आणि माणशी ६०० रुपये म्हणजे लूट, यापेक्षा बेस्टच्या उघड्या बसमधून दीडशेत सगळं दिसायचं.

आधी वेळेचं बोलतो, कारण झोप उडाली ती त्या एका वाक्याने. आयुष्य खातेवहीत गेलं, त्यामुळे लिहून ठेवायची खोड आहे. त्या दिवसाचं पान समोर घेऊनच बसलोय.

वॉक ४:३० चा, ओव्हल मैदानाच्या मधल्या पायवाटेपासून. रविवारी हार्बर लाइनच्या लोकलला मेगाब्लॉक होता. शनिवारी संध्याकाळीच ग्रुपवर मेसेज टाकला होता, 'उद्या हार्बर बंद आहे, कुर्ल्याला उतरून मेन लाइन धरा, पाऊण तास हाताशी ठेवून निघा.' निळ्या खुणा आल्या, त्यावर तुमचा अंगठाही आला. ब्लॉकच्या वेळेत हार्बरच्या तिकिटावर मेन लाइनने येऊ देतात, हेही त्यात लिहिलं होतं. तुम्ही कुर्ल्याहून टॅक्सी केलीत. बरोबर आई होत्या, समजू शकतो. पण ४:३५ ला तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही सायनला होतात. ४:४० ला "पाच मिनिटांत पोचतो." ४:४८ ला जेजे फ्लायओव्हर. बाकीची अकरा माणसं तोवर मैदानाच्या कडेला उभी. त्यातले एक काका मला दोनदा म्हणाले, "अहो, आम्ही वेळेवर आलो ही आमची चूक का?" शेवटी ४:५२ ला निघालो. तुम्ही आम्हाला काळा घोड्यापाशी गाठलंत, ५:१० ला. सीएसएमटीसमोर वॉक संपला तेव्हा ६:३५ झाले होते. आता तुम्हीच बेरीज करा. सांगितलेल्या वेळेनंतरही आम्ही पाच मिनिटं थांबलोच होतो. त्याहून पुढे नेता आलं नाही, कारण एका जोडप्याला तिथूनच रात्रीची गाडी पकडायची होती आणि बुकिंग करताना त्यांना साडेसहाचा शब्द दिलेला होता.

तुम्ही तिथे रागाने विचारलंत, अर्धा तास पुढे सरकवला असता तर काय बिघडलं असतं? तेव्हा गर्दीत सांगता आलं नाही, आता सांगतो. राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट ही सगळी रांग पश्चिमेकडे तोंड करून आहे. बांधली तेव्हा समोर मैदान आणि पलीकडे बॅकबेच्या समुद्राचं पाणी होतं. डिसेंबरात सूर्य सहाला बुडतो, आणि साडेचार ते पाचच्या दरम्यान त्या दगडावर जे ऊन पडतं त्यासाठीच वॉकची वेळ ती आहे. त्याच पायवाटेवर उभं राहून मान फिरवली की पश्चिमेला आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर १९३० च्या सुमारास उभी राहिलेली. दोन रांगांमध्ये जेमतेम एक मैदान, आणि वयात साठ-एक वर्षांचं अंतर. युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं ते या दोन्ही मिळून. टॉवर व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून झाला. आराखडा इंग्रज वास्तुकार गिल्बर्ट स्कॉटचा, ज्याने मुंबईत कधी पाऊलही टाकलं नाही. हे सगळं तिथेच, मैदानात उभं राहून सांगायचं असतं. अंधारात सांगून काय उपयोग? तुमचं तेवढं हुकलं याचं मलाही वाईट वाटतं, कारण वॉकमधला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे. पण आम्ही तो कापला, असं म्हणू नका.

मोबाइलचं. ती गाइड मुलगी फोनमध्ये बघत होती, खरं आहे. तुम्हाला लाइव्ह लोकेशन पाठवत होती, तुमचे फोन घेत होती, टॅक्सीवाल्याला 'रिदम हाउसच्या कोपऱ्यावर सोडा' म्हणून समजावत होती. इतिहासात एम.ए. करते. मी कुठे अडखळलो तर हळूच मला सुधारते, इतका तिचा अभ्यास. रिव्ह्यू तिनेही वाचला. दुसऱ्या दिवशी आली ती फोन बॅगेच्या तळाशी ठेवून. काही बोलली नाही, पण मला ते लागलं.

(आता मधल्या वेळेचं निघालंच आहे म्हणून. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर तुमच्या मुलांचे आणि तुमचे व्हिडिओ काढण्यात चौदा मिनिटं गेली. इमारत म्हणजे १८३३ चा टाउन हॉल, समोर ते पांढरे खांब, कुणालाही मोह होणारच, फोटोला आमची कधीच ना नसते. पण पहिला बरोबर आला नाही म्हणून पुन्हा, मग सगळ्यांनी एकदम उतरायचं म्हणून तिसऱ्यांदा. बाकीचे लोक हॉर्निमन सर्कलच्या कठड्याला टेकून उभे होते. हेही वहीत आहे, पण रिव्ह्यूत नाही.)

आईंबद्दल जे लिहिलंत ते मात्र वाचवत नाही. एशियाटिकच्या पायऱ्या तीस आहेत. त्या म्हणाल्या मी खालीच बसते. तुम्ही वर असताना गाइड मुलगी पूर्ण वेळ त्यांच्याशेजारी बसून होती. त्याआधी फ्लोरा फाउंटनला काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल किंवा नसेलही, तेव्हा तुम्ही फोनवर होतात. मी सांगत होतो की कारंज्याच्या दुरुस्तीच्या वेळी खालून ट्रामचे जुने रूळ निघाले. आई मागून म्हणाल्या, "मी बसलेय त्या ट्राममध्ये. वडिलांबरोबर, वरच्या मजल्यावर." झालं, सगळा ग्रुप त्यांच्याभोवती. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, म्हणजे आई तेव्हा शाळकरी असतील. कंडक्टर घंटेची दोरी कशी ओढायचा ते त्यांनी हात वर करून दाखवलं. मी गप्प उभा राहिलो, मला काय सांगायचं उरलं होतं? नागपूरच्या एका मुलाने त्यांना उलटसुलट प्रश्न विचारले. त्यात दहा मिनिटं गेली असतील, पण ती मी कुणाच्याच खात्यात टाकत नाही. निघताना आईंनी माझ्या हातावर हात ठेवून "छान दाखवलंत हो" म्हटलं. त्यांना एकदा विचारून पाहा, एवढंच म्हणतो.

इमारतींच्या आत नेण्याचं. राजाबाई टॉवरवर चढायला परवानगी नाही, ते बुकिंगच्या पानावर लिहिलेलं आहे. सीएसएमटीतलं रेल्वेचं संग्रहालय त्या दिवशी बंद होतं. पण आत गेलोच नाही, हे बरोबर नाही. सीएसएमटीच्या लोकल तिकिटांच्या हॉलमध्ये, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, आपण सगळे गेलो होतो. छतावरचे तारे, खांबांवरचं कोरीव काम दाखवलं. १८७८ ला सुरू झालेलं बांधकाम पुरं व्हायला दहा वर्षं लागली, आणि तिथली पानं, फुलं, प्राणी जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत, हे सांगितलं ते त्याच हॉलमध्ये. परतीची तिकिटं तुम्ही तिथल्याच खिडकीवर काढलीत. रोज लाखो लोक ज्या हॉलमधून मान वर न करता जातात, तिथे उभं राहून मान वर करायला लावणं हेच तर आमचं काम!

पैशांचं दोन ओळींत. तुमच्या घरची पाच माणसं होती. आईंचे घेतले नाहीत, दोन्ही मुलांचे अर्धे घेतले. एकूण १८०० झाले, ३००० नव्हे. बेस्टच्या उघड्या बसवर माझंही प्रेम होतं, पाहुणे आले की मीही त्यांना वरच्या मजल्यावरच बसवायचो. पण त्या बस २०२३ मध्ये बंद झाल्या, आणि बसमधून इमारत दिसते तेवढी दिसते, सिग्नल सुटला की गेली. तिची आणि आमची तुलना कशी करायची ते कळत नाही. तरी महाग वाटलं असेल तर तो तुमचा अधिकार आहे, त्यावर वाद घालत नाही.

सूचनांचा विचार नक्की करू. ज्येष्ठांसाठी मधे बसायची काही सोय करता येईल का ते बघतोय, एखादी घडीची खुर्ची वगैरे. उशिरा येणाऱ्यांचं काय करायचं यावरही मुलांशी बोलणं चालू आहे, काहीतरी पद्धत बसवू. ब्लॉकच्या रविवारी वेळ बदलावी का, तेही पाहू, पण उन्हाचं मगाशी सांगितलंच.

ओव्हलचा तुमचा राहिलेला भाग आमच्याकडे बाकी आहे असं समजा. कुठल्याही रविवारी ४:३० ला या, पैसे नकोत. आईंना जरूर आणा, चर्चगेटला उतरलात तर मैदान अगदी समोर आहे, चालणं फारसं नाही. येण्याआधी फक्त शनिवारी ब्लॉकचं बघून घ्या, आम्ही मेसेज टाकूच.

स्टार किती ठेवायचे ते तुमच्या मर्जीवर. एकच ठेवलात तरी चालेल. 'सव्वा तासात गुंडाळलं' ही ओळ तेवढी बदलता आली तर बघा. उरलेलं सगळं तुमचं मत आहे, ती एक ओळ मात्र हिशेबाची आहे आणि हिशेब चुकलाय.

आपला नम्र,
वॉकचा मालक (आणि त्या दिवशी टोपी घालून शेवटी चालणारा म्हातारा)