स्वस्तातला कॉम्बिनेशन स्क्वेअर भंगारच असतो म्हणे!

“कॉम्बिनेशन स्क्वेअर घ्यायचा तर स्टॅरेट कंपनीचाच, नाहीतर घेऊच नका. स्वस्तातला काटकोनात नसतो, असलाच तर टिकत नाही, बिघडला तर दुरुस्त होत नाही आणि त्यावर आखलेलं कामही वाया जातं.” सुतारकाम शिकायला लागलेल्या कुणीही या गुण्याबद्दल, म्हणजे जाड डोक्यात पट्टी सरकवून हवी तिथे आवळता येते आणि 90 व 45 अंशांचे कोन आखता येतात अशा अवजाराबद्दल, विचारलं की हे ठरलेलं उत्तर मिळतं. ते पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वस्तातला गुण्या हातात घेऊन तपासलाय, देव जाणे. यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे, तिच्याकडे येतोच.

आधी नावाबद्दल. स्टॅरेटचं अवजार उत्तम असतं, त्यात वाद नाही. लरॉय स्टॅरेट यांनीच 1879 मध्ये या अवजाराचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली. पण यंत्रशाळेत धातूवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब चालतो. तिथे त्या अचूकतेचे पैसे वसूल होतात. आपण लाकडावर काम करतो. सागाची आडव्या चिरणीची (वाढीच्या वलयांना स्पर्शून कापलेली) 300 मिमी रुंद फळी घ्या. तिच्यातला ओलावा 2 टक्क्यांनी कमीजास्त झाला, तर रुंदीत मिलिमीटरभर फरक पडतो. पेन्सिलीची रेघच मुळात अर्धा मिलिमीटर जाड.

म्हणून वाकडा गुण्या चालेल, असं मात्र नाही. कोन 1 अंशाने चुकला तर 300 मिमी अंतरावर 5 मिमीचा फरक पडतो. 0.1 अंशाने चुकला तर अर्ध्या मिलिमीटरचा. खोक्याच्या चार कोपऱ्यांत तो साठत गेला की शेवटचा सांधा तोंड उघडतोच. तेव्हा “काम वाया जातं” हे वाकड्या गुण्याबद्दल खरं आहे, स्वस्त गुण्याबद्दल नाही. आणि वाकडा कुठला, ते पाच मिनिटांत कळतं.

एका बाजूने रंधून अगदी सरळ केलेली फळी घ्या. त्या कडेला गुण्याचं डोकं टेकवून धारदार सुरीने 200 मिमी लांब रेघ ओढा. मग गुण्या उलटा करा आणि रेघ जिथून सुरू झाली त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढा. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या काटकोनात आहे. टोकाशी फट दिसली तर खरी चूक त्या फटीच्या निम्मी. 0.2 मिमी फट म्हणजे 0.1 मिमीची चूक, आणि एवढी लाकडाला सहज चालते. फळीची कड सरळ नसेल तर ही परीक्षा गुण्याची राहत नाही, फळीची होते. बरेच जण इथेच फसतात आणि चांगला गुण्या परत करून येतात.

आता ते अर्धं सत्य: “टिकत नाही.” स्वस्तातल्या गुण्याची खरी दुखरी जागा काटकोन नसून पट्टी आवळणारा स्क्रू आहे. स्क्रूच्या आतल्या टोकाला छोटी जीभ असते. ती पट्टीच्या खाचेत अडकते आणि पट्टीला डोक्यातल्या बैठकीवर ओढून धरते. जीभ ओबडधोबड असली की पट्टी दर वेळी थोडी वेगळी बसते. माझ्या पहिल्या गुण्याचं हेच झालं होतं. सकाळी काटकोनात, दुपारी नाही, आणि मी दोष करवतीला देत होतो! म्हणून घेताना एकदाच तपासून थांबू नका. आवळा, रेघ ओढा, सैल करा, पट्टी सरकवा, परत आवळा, परत रेघ. असं पाच वेळा. पाचही रेघा एकमेकींवर पडल्या तर घ्या. पसरल्या तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. माझ्या लेखी खरेदीची सगळ्यात मोठी कसोटी हीच, नाव आणि किंमत नंतर. आधी खाचेतला लाकडाचा कीस आणि जिभेच्या कडेला उरलेली धातूची बारीक कोर मात्र काढून घ्या. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

“दुरुस्त होत नाही” हे तर सरळ चूक. गुण्या दर वेळी सारखाच चुकत असेल तर कानस पुरते. डोक्याच्या खाचेत पट्टी दोन टोकांच्या छोट्या बैठकींवर टेकते. डोकं आणि पट्टी यांच्यातला आतला कोन काटकोनापेक्षा मोठा असेल तर फळीला टेकणाऱ्या बाजूकडची बैठक घासायची, लहान असेल तर दूरची. बारीक कानशीचे दोन-तीन हलके हात, मग परत रेघा. घाई केलीत तर चूक पलीकडे जाते आणि दुसरी बैठक घासायची वेळ येते. शिवाय 90 अंशांचा कोन सुधारताना 45 चा देखील तेवढाच सरकतो, तोही तपासा: कडेपासून एक 45 ची रेघ, गुण्या उलटून दुसरी, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे काटकोन व्हायला हवा.

आकडे पुसले जातात, अशीही एक ओरड असते. छापलेले पुसले जातात, कोरलेले नाही. पट्टीवरून नख फिरवलं की कळतं.

मापाचं म्हणाल तर पहिला गुण्या 150 मिमीचा घ्यावा असं माझं मत. सांधे आखायला, खाचेची खोली बघायला तो हातात राहतो. 300 मिमीचा जड पडतो आणि टेबलावरून तोच आधी खाली येतो. पडला की, नाव कुठलंही असो, परत दोन रेघा ओढून बघा. डोक्यातल्या पाणसळीवर आणि मागे खोचलेल्या, रेघ ओढायच्या सुईवर किंमत ठरवू नका. पाणसळ इतकी आखूड असते की तिच्यावर फळी समपातळीत लावण्यात अर्थ नाही, आणि माझी सुई तर आठवडाभरात भुशात हरवली.