चार ओढी

"सव्वाअकरा, पावणेदोन, पहाटे पाच. पावणेदोनला दोनदा."

लग्नाचा मुहूर्त वाचून दाखवावा तशा आवाजात शेजारचे अप्पा वहीतून वाचत होते. विषय होता, मी रात्रभरात किती वेळा फ्लश ओढला. समोर माझी बायको, मुलगा, मित्र, त्याची बायको आणि पोहे.

इथवर कसे पोचलो ते थोडक्यात. मे महिन्याची सुट्टी, आसनगावजवळ मित्राने बांधलेलं घर आणि त्याचं "अरे या की, दोन दिवस निवांत राहा." दादरहून लोकल. मुलाला खिडकी, मला चौथी सीट, म्हणजे निम्मं बूड बाकावर आणि निम्मं देवाच्या भरवशावर. हातात आंब्याची पेटी, तीही आपल्याच पैशाची. पुढे टमटम.

तर अप्पा. दोन्ही घरांची बोअरवेल एक, टाकी एक आणि टाकीचा पाइप नेमका अप्पांच्या उशाजवळून गेलेला. आयुष्यभर स्टोअर सांभाळलेला माणूस. निवृत्तीनंतर सांभाळायला काही उरलं नाही म्हणून पाणी सांभाळतात. शंभर पानी वही, लाल पेनाने आखलेले रकाने, आणि त्यातल्या एकाचं नाव चक्क 'पाहुणे'.

"एका ओढीला दहा लिटर. चार ओढी, चाळीस. बाटली असती तर छत्तीसमध्ये भागलं असतं. बाटली कुठाय?"

"कसली बाटली?"

"फ्लशच्या टाकीतली. एक लिटरची. भरून, बूच घट्ट लावून मीच ठेवली होती. ती जागा अडवते, तेवढं पाणी दर ओढीला वाचतं."

आता माझ्या डोळ्यांपुढे ती बाटली आली. टाकीला झाकण नव्हतं. आत शेवाळलेली, लेबल निम्मं सुटलेली बाटली तरंगल्यासारखी आडवी पडली होती. आधीच्या कुणा पाहुण्याचा कचरा समजून मी ती दोन बोटांनी उचलून बाहेरच्या डब्यात टाकली होती आणि आपण किती स्वच्छताप्रिय म्हणून मनात स्वतःची पाठही थोपटली होती.

"पोट जरा बिघडलं होतं," मी म्हणालो. "रात्री बिरडं जास्त झालं."

"बिरडं मी केलं होतं," मित्राची बायको म्हणाली. त्यानंतर तिने मला परत पोहे वाढले नाहीत.

मित्र? तो ताटातले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत होता. आजवर कधी शेंगदाणे बाजूला काढले नव्हते त्याने. याला हे सगळं माहीत होतं. मेमध्ये बोअर तळाला जाते, टँकर येतो, वही भरली जाते, सगळं. फोनवर एक वाक्य बोलला असता तर मी आलो नसतो, निदान बिरडं तरी बेतानं खाल्लं असतं. 'निवांत' म्हणे.

मग अप्पा मुलाकडे वळले. "मुंबईला पाणी कुठल्या तलावांतून येतं रे?"

कार्ट्याला नेमकं येत होतं. "विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा!"

"शाबास. तानसा कधीचा? १८९२चा. तानसा आणि भातसा कुठल्या तालुक्यात?"

"शहापूर."

"आपण आत्ता कुठे बसलोय?"

"शहापूर तालुक्यात."

"आणि टँकर कुठे येतो?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. धरण बांधल्यासारखा मीच दोषी. आमच्याकडेही सकाळी दीड तासच पाणी येतं आणि चौथ्या मजल्यावर ते धापा टाकत चढतं, हे मला सांगायचं होतं. पण अप्पांनी तेवढ्यात पलीकडच्या पाड्याकडे बोट केलं. उन्हात तीन बायका डोक्यावर हंडे घेऊन चढण चढत होत्या. चाळीस लिटर म्हणजे त्यातले किती हंडे, याचा हिशोब अप्पांनी केला नाही. माझ्या मनात तो आपोआप झाला आणि पोहे घशाखाली उतरेनात. त्याचाही राग आला. सुट्टीत नाश्ता करताना माणसाला एवढं कळायला लावू नये.

दुसऱ्या रात्री मी जेवलोच नाही. हिने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. उत्तर द्यायचीसुद्धा भीती, पाइप ऐकत होता.

निघताना अप्पा फाटकापर्यंत आले. वही काखेत. म्हणाले, "राग मानू नका. पुढच्या वेळी येताना बाटली तेवढी घेऊन या." टमटम सुरू झाली तसे मागून ओरडले, "भरून आणा! भातसाचंच आहे!"