एचआयव्ही असताना एका पट्टीवर काळा आजार निकालात काढू नका

बिहारहून कामाला आलेल्या एचआयव्ही रुग्णांचं समुपदेशन करणाऱ्या एका ताईंनी भल्या हेतूने काळा आजाराबद्दल (लेशमॅनिया या परजीवीमुळे होणारा, कालाआजार) एक फॉरवर्ड पुढे पाठवलाय. ‘आरके-३९ पट्टी (रक्ताच्या थेंबावरची झटपट चाचणी) निगेटिव्ह म्हणजे काळा आजार नाही. पॉझिटिव्ह आली तर आजार परतला. एचआयव्हीत पानथरीत (प्लीहेत) सुई घालणं म्हणजे मृत्यू. एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू केली की काळा आजार आपोआप जातो.’ ताईंना दोष देत नाही, पण यावर विसंबून तापाचा रुग्ण घरी पाठवला तर तो जिवानिशी जाईल.

पहिलं वाक्य सगळ्यात घातक. पट्टी परजीवी शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. सीडी४ (एचआयव्ही मारतो त्या प्रतिकारपेशींचा आकडा) खालावला की तीच पुरेशी बनत नाहीत. अंगात लेशमॅनिया भरलेला आणि पट्टीवर फक्त कंट्रोलची (पट्टी चालते एवढंच सांगणारी) रेघ, असं होतं. काळा आजाराच्या भागात राहिलेला माणूस, दोन आठवड्यांवर ताप, वाढलेली पानथरी, उतरलेल्या रक्तपेशी, एवढं असेल तर निगेटिव्ह पट्टीवर थांबायचं नाही. डीएटी (प्रतिपिंडांचीच दुसरी चाचणी) करा, सोय असेल तिथे पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) करा आणि परजीवी प्रत्यक्ष शोधा. एचआयव्हीत त्यांची संख्या इतकी असते की साध्या रक्ताच्या बफी कोटमध्येही (पांढऱ्या पेशींच्या थरातही) ते सापडू शकतात. तिथे नाही दिसले तर बोन मॅरो (अस्थिमज्जा) तपासा. गिम्सा या रंगाने रंगवलेल्या काचेवर २ ते ४ मायक्रॉनचा अमास्टिगोट (माणसाच्या शरीरातलं परजीवीचं रूप) दिसतो. त्यात केंद्रक आणि शेजारी काडीसारखा कायनेटोप्लास्ट (परजीवीच्या डीएनएचा छोटा पुंजका), दोन्ही दिसले पाहिजेत. हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी याच आकाराची, तीही एचआयव्हीत गाठते, पण तिला कायनेटोप्लास्ट नसतो. घाईत काच पाहणारा इथेच फसतो. आणि टीबी सापडला म्हणून शोध थांबवू नका, दोन्ही एकत्र असू शकतात.

परजीवी शोधायला पानथरीतून नमुना घेणाऱ्या सुईबद्दल अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागेल. रक्तस्राव जीवघेणा ठरू शकतो. पण धोका ठरतो प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याच्या वेळेवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीचा २०१० चा अहवाल, क्रमांक ९४९, हेच सांगतो: प्लेटलेट्स (दर मायक्रोलिटरमागे) ४०,०००च्या खाली असतील तर सुई नको. बाकीच्यांत अनुभवी हात हवा, सुई आत सेकंदभरही राहू नये, आणि नंतर काही तास नाडी-रक्तदाब पाहत रुग्ण पलंगावरच हवा.

‘पॉझिटिव्ह म्हणजे परतला’ हे साफ चूक. बरा झाल्यावरही पट्टी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. आजार परतला की नाही, हे परजीवी दाखवूनच ठरतं.

एआरटी हवीच, पण तिने लेशमॅनिया मरत नाही. एरवी भारतात लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन या शिरेतून द्यायच्या औषधाचा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. एचआयव्ही असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किलोमागे एकूण ३० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाआड किलोमागे ५ मिलिग्रॅमचे सहा डोस, आणि सोबत १४ दिवस मिल्टेफोसिन (तोंडाने घ्यायचं औषध). म्हणून काळा आजाराच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणीही करा. ती राहिली, तर एका डोसवर घरी गेलेला रुग्ण काही महिन्यांत तोच ताप घेऊन परत येऊ शकतो.