सराफा उघडतो, फाटक बंद होतं!

इंदुरात सराफ्यातली सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की तिथेच खाण्याचे ठेले लागतात. खरी गर्दी रात्री दहानंतर. आणि भंवरकुआंच्या आमच्या पीजीचं फाटक? साडेनऊला बंद! शनिवारीसुद्धा! सराफा काय रीलमध्येच बघायचा?

"मुलींची जबाबदारी असते गं," इति मालकीणकाकू. बरं! मग समोरच्या इमारतीत मुलांच्या हातात किल्ली दिलीय, ती कुणाच्या जबाबदारीवर? वर आमचं भाडंच जास्त, 'सुरक्षे'चं म्हणे. सुरक्षा म्हणजे एक गंजकं कुलूप आणि कोपरे दुमडलेली वही. गेल्याची वेळ, आल्याची वेळ, कुणासोबत, कशाला. कशाला म्हणजे? भुट्ट्याचा कीस खायला, काकू!

रविवारी मैत्रिणीला खोलीवर बोलवावं, तर बाहेरच्यांना बंदी. सख्खी बहीण आली तरी गप्पा जिन्यात. त्यात रविवारी रात्री मेस बंद. जेवण देणार नाही, बाहेर सोडणार नाही, आणि खोलीत इंडक्शन दिसलं की दंड! हवा खाऊन झोपायचं का?

परवा रात्री अकराला काकूंचं अख्खं कुटुंब गाडीत बसून निघालं. कुठे? सराफ्यात! सकाळी मलाच सांगतात, "गराडू काय मस्त होते गं! तू नाही का जात कधी?"